निमंत्रक : समस्त ग्रामस्थ

पनवेलच्या एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्यामुळे आसपासच्या यच्चयावत पुढाऱ्यांचे वाढदिवस माझ्या हातून जातात. हात जोडलेले पुढारी, हात उंचावलेले पुढारी, कानाला फोन लावून दूर कुठेतरी बघणारे पुढारी. ज्यांना स्वतःच्या बिल्डिंगचा वॉचमन ओळखत नाही त्यांनाही मी जनतेच्या हृदयात नेऊन बसवलेलं आहे. तक्रार नाही, त्यावरच घर चालतं. पण पोट भरलं की माणसाला नाही ते सुचतं, तसं मला नाटक सुचलं. ज्याचा जन्मात एक फ्लेक्स लागला नाही अशा एका पुढाऱ्यावर मी एकपात्री नाटक लिहिलं आणि स्वतःच करायला लागलो.

एकपात्रीच का, असं पुष्कळ जण विचारतात. खरं सांगायचं तर हौशी नटमंडळी तालमीला वेळेवर येत नाहीत आणि माझं डोकं चटकन तापतं. पण दुसरंही कारण होतं. या माणसाशी त्याचं गाव बोलतच नव्हतं, मग दुसरं पात्र आणू कुठून?

मी त्यांना काका म्हणायचो. खाडीकडच्या एका गावातले, भात आणि मीठ पिकवणाऱ्या घरातले. त्यांच्या गावात एका मुलीने आपल्या मनाने जातीबाहेर लग्न केलं आणि गावकीने तिच्या आईबापांना वाळीत टाकलं. चक्कीवर दळण बंद, दुकानात सामान बंद, बोलणं बंद. त्या आठवड्यात काका त्या घरी गेले आणि सगळ्यांना दिसावं म्हणून ओट्यावर बसून भातमासळी जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांचंही घर गावाबाहेर गेलं, होतं तिथेच उभं राहून.

तेव्हापासून काका खांद्याला पिशवी लावून पनवेल-उरणच्या गावांतून फिरले. अशी तोडलेली घरं शोधायची, त्यांना एकत्र आणायचं, तहसील कचेरीपुढे बसायचं, कोर्टात जायचं. "मारलं तर पोलिसात जाता येतं," ते म्हणायचे, "पन कोन बोलत नाय याची तक्रार कशी लिवायची?" त्यांच्या मोर्चाचे फलक माझे वडील रंगवायचे. तेव्हा आमचं दुकान ब्रशचं होतं. 'माणसाला माणसांतून काढता येत नाही' हे वाक्य मी स्वतः निळ्या रंगात कितीदा तरी काढलेलं आहे. एकदा 'काढता'वर रंग ओघळला आणि वडिलांनी माझा कान ओढला, तर काका म्हणाले, राहूद्या, रडल्यागत दिसतंय, बरंय.

पुढे कायदा झाला. वाळीत टाकणं हा गुन्हा ठरला. चक्की सुरू झाली, दुकानदार सामान द्यायला लागला, रस्त्यात दिसलं तर लोक मान हलवायला लागले. एक गोष्ट मात्र काही सुरू झाली नाही.

त्या गावांत हळदीच्या आधी एक बाई घरोघर बोलवायला फिरते. पत्रिका छापलेली असो, व्हॉट्सअॅपवर आलेली असो, तिला कोणी विचारत नाही. दारात उभं राहून तोंडाने बोलावलं तरच ते बोलावणं. आणि काकांच्या दारात ती बाई कायद्यानंतरही कधी थांबली नाही. काकी, म्हणजे काकांची बायको, मला एकदा म्हणाली होती, "कायद्यानं दलन मिलतं रं बाला, बोलावनं नाय मिलत."

काका गेले ते पनवेलच्या दवाखान्यात, आणि त्यांना नेलंही इथल्याच स्मशानात. काकीने गावच्या घराला कुलूप घातलं आणि ती नवीन पनवेलला लेकीकडे राहायला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ती सुकट वाळत घालायची आणि सोसायटीवाले नाक दाबून वर बघायचे. "हितं बी वालीत टाकतील मना," म्हणायची आणि हसायची. गावी जा की एकदा, असं लेकीने म्हटलं तर मात्र हसू थांबायचं. "बोलावलंय कोनी?" एवढंच विचारायची.

ती माझ्या प्रत्येक प्रयोगाला यायची. पहिली रांग, अगदी कडेची खुर्ची. बायको माझ्या नाटकाचं संगीत, प्रकाश आणि टीका अशी तिन्ही खाती सांभाळते. पण काकीपुढे तीसुद्धा गप्प. प्रयोग झाला की काकी आत यायची आणि सांगायची, ते असं नाय खोकायचे. किंवा, पानी एवढं हळू नाय प्यायचे, घटाघटा प्यायचे. एकदाही शाबास म्हणाली नाही. त्या बोलावण्याच्या प्रसंगाबद्दल मात्र तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

तो प्रसंग असा. काका ओट्यावर बसलेत. लांबच्या घरापाशी त्या बाईची हाक ऐकू येते, "हलदीला या गो!" मी पाठ फिरवून तो आवाज काढतो. मग त्याच्या अलीकडच्या घरापाशी. मग शेजारच्या दारात. काका उठून उभे राहतात, सदरा नीट करतात. मग पावलांचा आवाज जवळ येतो आणि पुढे जातो, आणि हाक येते ती एकदम पलीकडच्या घरातून. काका तसेच उभे. त्यानंतर बराच वेळ काही नाही. शहरातल्या नाट्यगृहात त्या वेळी खुर्च्यांची करकरसुद्धा थांबते. खोटं कशाला बोलू, त्या शांततेची मला चटक लागली होती. नटाला टाळ्या कुठेही मिळतात.

तर गेल्या थंडीत दुकानात एक तरुण बाई आल्या, दिराच्या हळदीचा फ्लेक्स करायला. आमच्याकडे हळद म्हणजे काही लहानसहान काम नाही. नवऱ्याचा फोटो एवढा मोठा लागतो की खरा नवरा पुढे उभा राहिला तर बारका दिसावा. फोटो लावून होईपर्यंत बाई भिंतीवरचं माझ्या नाटकाचं पोस्टर बघत होत्या.

"हे आमच्या गावचे ना? ते कुलूप असलेलं घर?"

बाई काकांच्याच गावच्या सरपंच निघाल्या. लग्न होऊन आलेल्या, म्हणून जुन्या गोष्टी अर्ध्याच ठाऊक. मी नाटकाचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग एकदम म्हणाल्या, "दादा, आमच्या गावात करा ना प्रयोग. शाळेच्या पटांगणात. आमचा महिला बचत गट बोलावेल तुम्हाला."

"गाव काय म्हणेल?"

"गावाचं मी बघते. फ्लेक्स तेवढा मोठा करा."

आता इथे माझ्या धंद्याची एक सवय सांगायला हवी. आम्ही कुठलाही फ्लेक्स कोऱ्यापासून करत नाही. त्या गावच्या दत्तजयंतीची जुनी फाइल मशीनमध्ये होती, ती उघडली. दत्ताच्या जागी काका बसवले, पालखीच्या जागी नाटकाचं नाव घातलं, भंडाऱ्याच्या जागी वेळ. सरपंचबाईंना फोनवर नमुना पाठवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि ओके म्हणून कळवलं. फ्लेक्सवर लोक फोटोच बघतात, खालची ओळ वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मीही वाचली नाही. फ्लेक्स गावच्या नाक्यावर लागला. त्याचीच छोटी प्रत मी हौसेने दुकानाच्या दारावर चिकटवली.

दोन दिवसांनी सरपंचबाईंचा फोन आला. "दादा, खाली काय छापलंय तुम्ही?"

मी दारात जाऊन बघितलं. तळाला, चांगल्या ठळक पिवळ्या अक्षरांत, दत्तजयंतीला असतं तसंच लिहिलेलं होतं. निमंत्रक : समस्त ग्रामस्थ.

म्हणजे ज्या गावाने काकांच्या दारात कधी हाक घातली नाही, त्या अख्ख्या गावाच्या वतीने मी काकांच्या नाटकाचं निमंत्रण दिलं होतं. गावकीची म्हातारी मंडळी देवळात जमली होती. आम्ही कधी बोलावलं, असा त्यांचा सवाल होता. फ्लेक्स उतरवून घेतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "आता उतरवला तर जास्त बोभाटा होईल. राहूद्या."

फोन ठेवतोय तोवर दारात काकी उभी. बाजारातून परतत होती, हातात मासळीची पिशवी. दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेली बाई, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. नाटकाचं नाव तिने सोडलं, काकांचा फोटोही सोडला, आणि नेमकं बोट खालच्या ओळीवर आणून ठेवलं.

"समस्त मंजे सगलेच ना रं?"

"हो," मी म्हटलं. शब्दाचा अर्थ विचारला होता, मी अर्थ सांगितला.

काकी आत येऊन स्टुलावर बसली. पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "शेवटी बोलावलं गावानं. मी येनार. इतकी वर्सं बोलावत नवते म्हनून नाय गेली."

मी तिची पिशवी उचलून रिक्षापर्यंत नेली. रिक्षात बसताना तिने मागे वळून पुन्हा एकदा ती ओळ बघितली.

बायकोने सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा त्यांना. तिथे जाऊन अपमान झाला तर या वयात झेपणार आहे का त्यांना?" तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण काकीला जाऊन सांगायचं काय? की गावाने नाही, मशीनने बोलावलंय? माझ्याच्याने होईना. मी स्कूटर काढली आणि सरळ गावात गेलो.

गावकीचे जुने अध्यक्ष घरापुढच्या मांडवात खाटेवर बसले होते. काकांना वाळीत टाकलं तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच होता, हे माझ्या नाटकातही आहे, नाव न घेता. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं, "बाबा, ती ओळ माझ्या चुकीने गेली. जुन्या फाइलवर तशीच राहिली."

"मंजे आमच्या नावानं तूच आवतान दिलंस."

"हो. माफ करा. पण काकींनी ते वाचलंय. गावाने बोलावलं असंच त्या समजल्यात. त्या येणार म्हणतायत."

म्हाताऱ्याने मान वर केली. "ती येनार?"

"हो."

त्यांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "बगू."

आता आमच्या भागातल्या 'बगू'चा अर्थ लावणं ब्रह्मदेवाला जमणार नाही. त्याचा अर्थ हो असतो, नाही असतो, आणि आता ऊठ आणि घरी जा असाही असतो. मी घरी आलो. बायको रोज विचारायची, सांगितलंत का? आणि मी रोज उद्यावर ढकलायचो.

प्रयोगाच्या दिवशी उन्हं उतरताना आम्ही गावात पोहोचलो. काकीने ठेवणीतली साडी नेसली होती, डोक्याला तेल, केसांत काही नाही. कुलूप लावलेल्या घरावरून गाडी गेली तेव्हा ती खिडकीतून बघतही नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पटांगणात प्लास्टिकच्या लाल खुर्च्या मांडलेल्या. ती सवयीने पहिल्या रांगेत कडेला जाऊन बसली.

मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. लोक यायला लागले, चांगले पटांगण भरून आले. पण आले ते मागे उभे राहिले. बाया शाळेच्या पायऱ्यांवर, पुरुष भिंतीपाशी, पोरं कठड्यावर. पहिल्या रांगेत एकटी काकी, आणि तिच्या मागे खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा रिकाम्या. नाटक लिहून, फ्लेक्स छापून, वर लाइट लावून मी त्या बाईला पुन्हा एकदा भर गावात वाळीत टाकलं होतं. सरपंचबाई एकट्याच येऊन तिच्याजवळ बसणार तेवढ्यात कोणीतरी माइकसाठी हाक मारली आणि त्याही उठून गेल्या.

सुरू केलं. पाठ होतं म्हणून तोंडातून येत होतं, बाकी लक्ष सगळं त्या कडेच्या खुर्चीकडे. बोलावण्याचा प्रसंग जवळ आला तसा तो गाळावा असं मनात आलं. पण बायकोने त्या प्रसंगाचा प्रकाश लावूनही टाकला. मग काय करणार? मी पाठ फिरवली आणि हाक दिली, "हलदीला या गो!" लांबचं घर. अलीकडचं घर. शेजारचं दार. मी उभा राहिलो, सदरा नीट केला. पावलं पुढे गेली. हाक पलीकडून आली.

आणि शांतता पडली. शहरातली ती माझी लाडकी शांतता नव्हे. या शांततेतल्या प्रत्येकाला ते दार माहीत होतं.

"ती मी होती."

पायऱ्यांवरून आवाज आला. एक म्हातारी उठत होती, गुडघ्यावर हात ठेवून, कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन. "मीच फिरायची बोलवाला. हिच्या दारावरना मी पाय उचलून जायची. उंबऱ्यात उभी असायची ही. मना दिसायची."

कोणी तिला बस म्हणालं नाही. भिंतीपाशी काठी वाजली. जुने अध्यक्ष बोलले, "तिला काय बोलू नका. आमी सांगितलवतं तिला तसं."

म्हातारी खुर्च्यांमधून वाट काढत पहिल्या रांगेपर्यंत आली. मी रंगमंचावर काकांच्या सदऱ्यात तसाच उभा. माझ्याकडे संवाद नव्हता आणि असता तरी तो कोणाला हवा होता? ती काकीपुढे उभी राहिली, दारात उभं राहतात तशी, जरा अंतर ठेवून, आणि म्हणाली, "हलदीला ये गो. सरपंचीनबायच्या दिराची हाय. येत्या रईवारी."

काकी तिच्याकडे बघत राहिली. मला खरी भीती वाटली ती आता. नाही म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता. इतक्या वर्षांचं एका हाकेवर मिटवावं असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ती नाही म्हणाली असती तर मीही तिच्याच बाजूने उभा राहिलो असतो. पण मनातून मी देवाची विनवणी करत होतो, जो एरवी फ्लेक्सच्या कोपऱ्यातच मला भेटतो.

"जेवाला काय हाय?" काकीने विचारलं.

आधी पायऱ्यांवरच्या बाया हसल्या, मग सगळं पटांगण. म्हातारी हसता हसता रडायला लागली आणि काकीने तिला हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "येते," म्हणाली. "बस आता. गुडगं दुखतील."

मी रंगमंचावर तोंड फिरवून डोळे पुसले आणि ते काकांच्या भूमिकेतच चाललंय असं समजून कोणीतरी टाळी वाजवली. तोवर लोक पुढे येऊन खुर्च्यांवर बसायला लागले होते. अध्यक्ष काठी टेकत आले आणि काकीपासून एक खुर्ची सोडून बसले.

"चालू करा पुडचं," त्यांनी मला सांगितलं.

"बाबा, पुढचं सगळं दुःखाचंच आहे," मी म्हटलं.

"असूदे. आमीच दिलेलं हाय, आमीच बगू."

मग मी पुढचं केलं, शेवटपर्यंत. काकीने डोळ्यांना पदर लावावा अशा जागा त्यात पुष्कळ होत्या, पण ती मधूनमधून शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती. बहुधा, ते असं नाय खोकायचे, हेच.

परतीच्या गाडीत मी धीर करून फाइलची, दत्तजयंतीची, सगळी हकिकत तिला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, "मना म्हाईत होतं रं. गाव आमचा हाय. गाव असं कवा बोलवतो का, पिवल्या अक्षरात?" मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मग आलीस कशाला, असं विचारलं. तर म्हणाली, "चुकून का हुईना, लिवलं तर होतं. म्हटलं, जाऊन बगू." तो फ्लेक्स उतरवल्यावर तिने मागून घेतला. गावच्या घराच्या पडवीची कौलं फुटलीत, वर टाकाला होईल, म्हणाली.

पुढच्या रविवारी पनवेलला नाट्यगृहात प्रयोग होता. तिसरी घंटा झाली आणि पडदा उघडायच्या आधी मी फटीतून बघितलं. पहिली रांग भरलेली होती, फक्त कडेची एक खुर्ची रिकामी. मी आतूनच बायकोला खुणेने विचारलं, काकी कुठे? तिने ध्वनीच्या टेबलामागून दोन्ही तळवे गालांवर फिरवून दाखवले, हळद लावतात तसे. मग फोन वर धरला. सरपंचबाईंनी फोटो पाठवला होता. लांबून मला एक पिवळा गाल तेवढा दिसला. कुंकू पुसलेल्या बाईला हळद कोणी लावली, हे मी नंतरही विचारलं नाही.

त्या दिवशी त्या प्रसंगात मी पाठ फिरवून हाका दिल्या, उभा राहिलो, सदरा नीट केला. पावलं दारावरून पुढे गेली. शहरातली ती जुनी शांतता पडली आणि माझं लक्ष त्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं.

घरी जाताना बायको चिडलेली होती. "सगळं नाट्यगृह रडत होतं आणि तुम्ही हसत काय उभे होतात? कुठे लिहिलंय, काका हसतात म्हणून?"

कुठे लिहिलेलं नव्हतं. मी हेल्मेट घातलं आणि स्कूटर चालू केली.